तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही बघायला पदव्युत्तर पदवी कशाला?

माध्यमे समाज आणि संस्कृती कशी घडवतात, हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होता असे सांगितले की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला हसत हसत येतो: टीव्ही बघायला पदवी कशाला लागते? दुसरा गंभीर चेहऱ्याने: मग सांगा, माध्यमे माणसाला बिघडवतात की नाही? पहिल्याचा मला आता राग येत नाही (खरे तर येतो, पण दाखवणे सोडून दिले आहे). दुसऱ्याला मी दरवेळी बगल देते. ती का, ते एकदा लिहून टाकते.

होय म्हणावे, तर पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड यांच्या चमूने ओहायो राज्यातील मतदारांच्या महिनोन्‌महिने मुलाखती घेतल्या, तेव्हा प्रचारामुळे मत फिरवलेले थोडेच निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते. जास्त टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून अधिक हिंसक वाटते, असे जॉर्ज गर्बनर यांनी मांडले. १९८० मध्ये पॉल हर्श यांनी वय, शिक्षण अशा घटकांचा प्रभाव एकाच वेळी वजा करून ती आकडेवारी पुन्हा तपासली, तर तो संबंध बराचसा विरून गेला. नाही म्हणावे, तर मॅकोम्ब्स आणि शॉ हे अमेरिकी संशोधक आडवे येतात. १९६८ च्या निवडणुकीत अमेरिकेतील चॅपल हिल या गावातल्या १०० अनिर्णित मतदारांनी जे मुद्दे महत्त्वाचे मानले, त्यांचा क्रम बातम्यांतील क्रमाशी विलक्षण जुळत होता.

प्रवेश घेतला तेव्हा माझे उत्तर तयार होते: बिघडवतात. मग संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा १९७३ चा निबंध वाचला. प्रेक्षक आशय जसाच्या तसा गिळत नाही, तो काही स्वीकारतो, काही वळवून घेतो, काही चक्क नाकारतो, हे पटले आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. त्या काळातली मी आता भेटले, तर तिच्याशी माझे कडाक्याचे भांडण होईल. मात्र ती हरेलच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्रबंधासाठी मी एका कौटुंबिक मालिकेच्या प्रेक्षक स्त्रियांसोबत बसून भाग पाहत असे आणि नंतरच्या गप्पा ध्वनिमुद्रित करत असे. एका भागात नायिका नवऱ्याने केलेला जाहीर अपमान गिळून त्याच्याच आजारपणात रात्रभर उशाशी बसते. समोरचा गट खो-खो हसत होता. झोपेतून उठलेल्या बाईची लिपस्टिक जागेवर कशी, पुढचे वाक्य कोणते येणार, हे त्या बायका मालिकेच्या आधी सांगत होत्या. मी वहीत ‘विरोधी वाचन’ (म्हणजे हॉल म्हणतात तसे आशय नाकारणे) असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. टीव्ही बंद झाला, ध्वनिमुद्रणाचे यंत्र चालूच होते. विषय घर सोडून गेलेल्या, सर्वांच्या ओळखीच्या एका बाईवर आला, आणि सर्वांत मोठ्याने हसलेली स्त्री अगदी शांतपणे म्हणाली, “तिने थोडे सोसले असते, तर तो बदलला असता.” नायिकेच्या आईच्या तोंडी त्याच भागात जवळपास हेच वाक्य होते. त्या वेळी त्यावर कोणीही हसले नाही.

हा उतारा मी परिशिष्टात टाकला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले आणि विचारले, “तुमचा प्रबंध इथे सुरू होतो. तो इथे संपवलात कशाला?” गप्पा मालिकेवरून घसरल्या होत्या आणि माझी व्याप्ती मालिकेपुरतीच होती, असे मी सांगितले. ते म्हणाले, “घसरल्या, की पोहोचल्या?” खोलीतले कोणीतरी हसले. पुढचे प्रश्न मला धड ऐकूही आले नाहीत.

व्याप्तीचा माझा मुद्दा पद्धतीच्या दृष्टीने बरोबर होता आणि आजही मी तो सोडणार नाही. प्रबंधाला कुंपण नसेल तर त्याची कादंबरी होते. परीक्षकांचा टोला मात्र अजून बोचतो, कारण माझे वर्गीकरण प्रेक्षक पडद्याकडे पाहत असतानाच्या प्रतिक्रियेचे होते. पडद्यावरचे पात्र खोटे आहे हे ओळखणे आणि त्या पात्रामागचा संसाराविषयीचा समज नाकारणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली सहज जमते आणि ती जमली की दुसरीही जमली, असे वाटू लागते.

इथे तुम्ही म्हणाल, झाले तर मग, मालिकेने बिघडवले! पण ते वाक्य त्या बाईने मालिकेकडून घेतले, की लेखकाने तिच्यासारख्यांकडून उचलून तिलाच परत ऐकवले? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते, तरी रोज, तेच, संगीताच्या साथीने ऐकू आल्याने त्या वाक्याला जो निर्विवादपणा येतो, तो आधी होता असे वाटत नाही. हे सिद्ध करायचे, तर मालिकेचा वाराही न लागलेला गट तुलनेला हवा. मालिका न पाहणारी माणसेही पाहणाऱ्यांच्याच घरात राहतात. तो गट आणायचा कोठून, हे मी त्या दिवशी परीक्षकांना विचारायला हवे होते; उत्तर त्यांच्याकडेही नसावे, असा माझा दाट संशय आहे.