गाणीवर

आमच्या चौघांपैकी एकालाही गप्प बसता येत नाही. अलिबागच्या शाळेत याच गुणामुळे वर्गाबाहेर उभं राहायचा भरपूर सराव झाला, आणि पंचावन्न उलटली तरी फरक नाही. तरीही फेब्रुवारीतल्या एका रविवारी फणसाडच्या जंगलात जायचं ठरलं. म्हणजे बाळ्याने ठरवलं आणि निघताना गाडीत दोन वस्तू टाकल्या: पोपटीसाठी, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायला, मडकं आणि मुठीएवढा एक स्पीकर.

सुपेगावच्या फाटकापाशी दोन्ही अडल्या. जंगलात विस्तव नाही, हे आम्हालाही पटलं. या दिवसांत पाला इतका वाळलेला असतो की पावलागणिक पापड मोडल्यासारखा वाजतो. पण स्पीकरसाठी बाळ्या हटून बसला. सोबत येणारा वाटाड्या, पंचविशीचा पोरगा, शांतपणे म्हणाला, "काका, आपण गाणीवर चाललोय. तिथं आवाज नाय चालत."

"गाणीच तर लावायचीत!"

"गाणी नाय हो. गाण. पाणी असतं ती."

फणसाडात पाणवठ्याला गाण म्हणतात. जवळच राहून आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ साली अभयारण्य झालं. नवाब जनावरांसाठी पाण्यावर दबा धरून बसत असेल, तर तोही आपल्यासारखाच पाय आखडून बसला असेल, हा एक दिलासा.

वाटेत एका जाडजूड वेलीपाशी मी थांबलो. वेल कसली, झाडावरून झाडावर गेलेला जहाजाचा दोर. आणि त्याला हातभर लांबीची, मधे मधे चेमटलेली चपटी शेंग लोंबत होती. गारंबी! लहानपणी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भरतीनंतर चॉकलेटी, गुळगुळीत, मनगटी घड्याळाएवढ्या बिया सापडायच्या. त्या समुद्राच्याच बिया अशी आमची पक्की समजूत होती. मी एक वर्षभर कंपासपेटीत ठेवली होती. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात तरंगत जाणारी ती बी मुळात या डोंगरातली. शेंगेवरून बोट फिरवलं, आतला एकेक उंचवटा लागत होता. तोडायला हात शिवशिवला, पण पोरगा बघत होता.

त्याने वर बोट केलं. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा. शेकरूचं घरटं. थोड्या अंतरावर दुसरं, पुढे तिसरं. एकटं शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं म्हणे. "आणि आम्हाला एका फ्लॅटचे हप्ते फिटेनात," बाळ्या कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं. वरून लगेच कर्कश कडकडाट झाला आणि तांबूस, झुबकेदार शेपटी पानांत नाहीशी झाली. महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचं आम्हाला एवढंच दर्शन घडलं.

गाण म्हणजे डबकंच म्हणा ना. काळसर पाणी, वर तरंगणारी पानं, काठच्या चिखलात खुरांचे ठसे. आम्ही झाडाआड बसलो. पहिली पाच मिनिटं जिवावर आली. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं आणि तिघांनी चौथ्याकडे बघितलं. मग हळूहळू कानांना काम मिळालं: पाण्यावर टेकून उडणारी माशी, दूरवर वानरांची खेकर, बाळ्याचा श्वास. चाळीस वर्षांत मी त्याचा श्वास ऐकला नव्हता, मधे नेहमी तोच बोलत असायचा.

अर्ध्या तासाने पलीकडच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. एकदा कुत्र्यासारखं भुंकलं आणि पाला वाजवत निघून गेलं. "भेकर," पोरगा म्हणाला. दिसलं काहीच नाही.

फाटकाबाहेर पडल्यावर मात्र बांध फुटला. साळावच्या पुलावर बाळ्याला भेकराचे कान दिसले होते. चौलपर्यंत त्याचं सांबर झालं. संध्याकाळी नागावला आमच्या वाडीत वालाच्या शेंगांवर भांबुर्डीचा पाला दाबून मडकं उपडं घातलं, भोवती जाळ केला. घरच्यांनी विचारलं, काय काय दिसलं रे?

"ठिपके बघ तू त्याचे," बाळ्या म्हणाला, आणि आम्ही तिघांनीही मान डोलावली.