अकरा वेळा आबाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पुण्यात कुणाला गाव सांगोला सांगितलं की प्रश्न ठरलेला. "गणपतराव देशमुखांचं सांगोला ना? एकाच माणसाला अकरा वेळा आमदार केलंत आणि तालुका दुष्काळी तो दुष्काळीच. मिळालं काय तुम्हाला?" ऑफिसात विचारतात, सोयरिकीच्या बैठकीत विचारतात, आता पुतणेही विचारायला लागलेत. मी काही बोलायच्या आत दुसरा कुणीतरी गणपतरावांच्या, म्हणजे आमच्या आबांच्या, एसटीच्या प्रवासाचं कौतुक सुरू करतो आणि उत्तर राहून जातं. ते एसटीने फिरले, साधे राहिले, एकच पक्ष धरून राहिले, हे खरंच आहे. पण साध्या राहणीने विहिरीला पाणी लागत नाही. हे तुमच्या कितीतरी आधी आमच्या घरात बोलून झालंय, माझ्या थोरल्या भावाने, 1995 साली.

त्या निवडणुकीत आबा 192 मतांनी पडले. शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून निवडून आले. मी मतमोजणीला आबांच्या शेतकरी कामगार पक्षाचा, शेकापचा, प्रतिनिधी म्हणून टेबलापाशी होतो. तेव्हा मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका होत्या. एकेक उलगडायची, दाखवायची, ज्याच्या-त्याच्या गठ्ठ्यात टाकायची. शंका असली की बाजूला. त्या बाजूच्या ढिगात मला अंगठे दिसले. रकान्यात फुलीचा शिक्का मारायचा, तिथे शाईचा अंगठा, रेषा न् रेषा उमटलेली. मतपत्रिका देताना स्थळप्रतीवर अंगठा घेतात. तोच शाईचा अंगठा आडोशाला जाऊन चिन्हावर उठवलेला. नियमाने ते मत बाद. वाद घालायला जागाच नव्हती.

ते सगळे अंगठे आमच्याच चिन्हावर होते असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडचे होते. पण आमच्या चिन्हावरचा एकेक बघताना माझ्या पोटात गोळा येत होता. आमची आई 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. दिवस मावळताना मस्टरवर अंगठा उठवला की हजेरी लागायची, तिच्यावर घरात ज्वारी यायची. या बायांचं सरकारशी आयुष्यभराचं बोलणं त्या अंगठ्यानेच झालं होतं. मत द्यायला गेल्या तेव्हाही त्यांनी तोच दिला. बाद मतं मोजली असती तर निकाल फिरला असता, असा माझा दावा नाही. मला तो हिशेबच करवत नाही. पुढे कित्येक वर्षं 192 हा आकडा कुणी उच्चारला की माझ्यापुढे ते अंगठेच यायचे.

रात्री घरी आलो. आमचे वडील, तात्या, पक्षाचे जुने कार्यकर्ते, ओट्यावर बसलेले. दादाने मला विचारलंही नाही, सरळ तात्यांना म्हणाला, "मी दिलं नाही आबाला."

तात्या म्हणाले, "का रं?"

"तुम्ही मोर्चे मोजा. मी टँकर मोजतोय. डाळिंबाची झाडं जळायला लागलीत माझी. विरोधात बसणाऱ्याला कोण पाणी देतंय? सत्तेतला माणूस पाहिजे."

मी मधे पडलो, नको ते बोललो, तोही बोलला. तात्या जाईपर्यंत त्या दोघांत राजकारणाचा शब्द निघाला नाही. शेतीचाही बेताचाच.

आता पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नात हे नसतं. दादाने सत्तेतला माणूस हवा म्हणून मत दिलं आणि मुंबईत सरकार आलं शिवसेना-भाजप युतीचं. म्हणजे आमचा नवा आमदारही विरोधातच. आणि आबा विधानसभेत नव्हते, नेमक्या त्याच वर्षांत पाण्याची फाईल हलली. 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं, कृष्णेचं पाणी उचलून आणायच्या टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. मग श्रेय कुणाचं? बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्याचं राज्याराज्यांत वाटप केलं होतं, आपल्या वाट्याचं पाणी 2000 सालापर्यंत अडवायचं होतं. सरकार अपक्षांच्या टेकूवर होतं आणि दुष्काळी भागातल्या अपक्षांनी पाण्यासाठी हट्ट धरला. हे मी आबांचा माणूस असून सांगतोय. पण त्याच्या आधी, 1993 पासून, आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद नागनाथअण्णा नायकवडी आणि आबांनीच उभी केली होती. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणता येतं, हे लोकांच्या तोंडी बसवलं ते त्या परिषदेने. मागणीच नसती तर त्या अपक्षांनी हट्ट कशाचा धरला असता?

पंचविशीतला मी दादाला म्हणालो होतो, तत्त्व विकून पाणी नको. आज मला ते वाक्य पटत नाही. जळणारी बाग माझी नव्हती, मी नोकरीला निघालो होतो. बाग दादाचीच होती. आधी डाळिंबावर तेल्या रोग आला, मग मर रोगाने उभी झाडं गेली. टेंभूचं पाणी तालुक्यात यायला पुढे कितीतरी वर्षं लागली, तेही सगळ्या गावांना एकदम नाही. आबा काँग्रेसमध्ये गेले असते तर लवकर आलं असतं का? असं वाटतं खरं. मग शेजारचे तालुके आठवतात. तिथे सत्तेतले आमदार होते आणि टँकरही होते.

आणि मिळालं काय म्हणता? कापसाचा भाग नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी मिळाली, ती चालली, बायांचीही वेगळी झाली. रोजगार हमीचं काम मागायला माणूस ताठ मानेने तहसीलला जायचा, कारण आपला आमदार तिथे आपल्या बाजूने बोलेल याची खात्री होती. तात्यांनी आयुष्यात कामासाठी कुणाला पाकीट दिलं नाही. हे कुठल्या अहवालात येत नाही, म्हणून तुम्हाला दाखवताही येत नाही.

2019 ला आबा थांबले, नातू अनिकेत उभा राहिला आणि 768 मतांनी पडला. 2021 मध्ये आबा गेले. 2024 ला दुसरा नातू, बाबासाहेब, निवडून आला. ही घराणेशाही नाही का, हा तुमचा नवा प्रश्न. आहे, आणि मला ते खुपतं. आबा स्वतः पेनूरचे, मोहोळ तालुक्यातले. सांगोल्यात आले ते वकिली करायला, मागे घराणं नव्हतं. तरी मी तिथे मतदार असतो तर त्या नातवालाच मत दिलं असतं. दादा म्हणतो, हे तुझं आंधळं प्रेम आहे. मी म्हणतो नाही. आमचं भांडण अजून चालू आहे.