शिरोरेषा न तोडणारे सीएसएस

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतकरी गटासाठी कापूस, तूर आणि सोयाबीनचे बाजारभाव दाखवणारे एक पान मी मागच्या हंगामात तयार केले. ते पाहणारे जवळजवळ सगळे जण मोबाइलवरच पाहतात, त्यांतले काही फोन बरेच जुने आहेत आणि मजकूर संपूर्ण मराठी आहे. त्यामुळे सीएसएसबद्दल, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांबद्दल, इंग्रजी पाने डोळ्यांपुढे ठेवून दिलेले सल्ले येथे जसेच्या तसे चालत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळले.

शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून मी लेटर-स्पेसिंग (अक्षरांतले अंतर) दोन पिक्सेल ठेवले होते. शेजारचे काका फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "काहून रे, हे रेघ मधातच तुटली?" रोमन अक्षरे सुटीच असतात, पण देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो आणि अक्षरांत अंतर टाकले की ती रेषा फाटते. दुसरी चूक लाइन-हाइटची, म्हणजे ओळीच्या उंचीची. १.१ इतकी घट्ट ओळ आणि जोडीला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारे लपवणारा नियम), यामुळे रफार कापला जाऊन 'आर्णी'चे 'आणी' झाले. आता मी शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ देतो, तेही एककाविना, कारण टक्क्यांत दिलेली उंची एकदा पिक्सेलमध्ये मोजली की आतल्या लहानमोठ्या अक्षरांनाही तीच लागू होते. पानाची भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) अशी नोंदवली, तर फॉन्टमध्ये सोय असल्यास 'शेतमाल' या शब्दातले श आणि ल मराठी वळणाचे उमटतात.

खरा फायदा झाला तो कंटेनर क्वेरीचा. भावाचे एकच कार्ड मुख्य भागात रुंद आणि बाजूच्या पट्टीत अरुंद हवे होते. मीडिया क्वेरी पडद्याची रुंदी पाहते, कार्डाला किती जागा मिळाली हे तिला ठाऊक नसते. कंटेनर क्वेरी नेमके तेच पाहते. मी मात्र कंटेनर-टाइप (घटकाला कंटेनर ठरवणारा नियम) कार्डालाच लावले आणि नियम लागू का होत नाहीत म्हणून अर्धी रात्र घालवली. घटक स्वतःची रुंदी स्वतः विचारू शकत नाही, कंटेनर त्याच्या बाहेरचा असावा लागतो, हे शेवटी एमडीएन या वेब तंत्राची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर वाचले. फेब्रुवारी २०२३ पासून ही सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. ज्या फोनमध्ये ती नाही तेथे कार्डातील मजकूर एकाखाली एक राहतो, कारण मूळ मांडणीच मी तशी लिहिली आहे.

'हॅज' हा सिलेक्टर, म्हणजे आत काय आहे ते पाहून घटक निवडणारी खूण, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आला, तेव्हा कुठे तो सगळीकडे पोचला. वापरण्यापूर्वी कोणत्या ब्राउझरात काय चालते हे सांगणाऱ्या 'कॅन आय यूज' या संकेतस्थळावर मी पाहतो आणि ब्राउझरला ती सोय कळते का हे तपासणाऱ्या 'सपोर्ट्स'च्या अटीत नियम ठेवतो. आत फरदडीची (हंगामानंतर त्याच झाडांवर घेतलेल्या कापसाची) खूण असलेले कार्ड फिके करायला पूर्वी जावास्क्रिप्ट लागत असे, आता एक ओळ पुरते. त्या ओळीवरही काकांचा आक्षेप आलाच: फिका रंग पाहून त्यांना भाव पडल्यासारखे वाटले. म्हणून रंग पुन्हा गडद केला आणि फरदडीच्या कार्डाला नुसती तुटक किनार ठेवली.