मे महिन्यात थंडीनं हात गेला, आणि लग्नाला किती वर्षं झाली?

"लग्नाला किती वर्षं झाली?" हा प्रश्न त्या दिवशी मला चार जणांनी विचारला. हात कशानं गेला, ते मात्र एकानंही धड ऐकून घेतलं नाही. दोन बोटांचे शेंडे अजून बधिर आहेत, म्हणून डाव्या हातानं टाइप करून लिहिते आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. मे महिना, पारा 45 च्या वर, घरी नणंदेच्या साक्षगंधाची गडबड. सिलेंडर संपत आलं, तेव्हा सगळ्या करतात तेच मी केलं: उरलासुरला गॅस निघावा म्हणून ते आडवं पाडलं. चूक माझीच. सिलेंडरमध्ये गॅस दाबाखाली पातळ होऊन बसलेला असतो. आडवं केलं की ते पातळच तोंडाशी येतं. शेगडीचा जाळ एकदम भडकला, मी घाबरून बटण बंद केलं आणि तशाच आडव्या सिलेंडरचं रेग्युलेटर ओढलं. आतली पिन अडकली होती. पांढरी धार सरळ उजव्या हाताच्या बोटांवर.

चटका बसलाच नाही. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि कडक झाली, टोचलं तरी कळेना. बाहेर पडताक्षणी तो पातळ गॅस उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्या कातडीतून ओढून घेतो. त्यातला प्रोपेन तर उणे 42 अंशांनाच उकळतो.

सासूबाईंनी आधी अंगणातल्या पेटत्या चुलीवर घागर ओतली. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जातो. वीज गेलेली होती, नाहीतर कूलर चालू असता, नाहीतर कुणाचा तरी हात दिव्याच्या बटणावर गेला असता. भारनियमनाचं भलं मी आयुष्यात पहिल्यांदाच चिंतलं. दिरानं सिलेंडर उभं केलं, दोरीचं टोपण दाबून बसवलं आणि अंगणात नेलं. स्वयंपाकघरात दोन मिनिटं थांबलेल्या सासूबाईंना गरगरायला लागलं, त्यांना बाहेर निंबाखाली बसवलं. गॅस कोंडला की श्वासाला हवाच उरत नाही. विहिरीत मोटार काढायला उतरलेला माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो, तसंच हे. बंद खोलीत कुणी पडलं असेल तर धावत आत शिरू नका.

शेजारीण हात चोळायला निघाली. आशाताई नेमक्या साक्षगंधाला आलेल्या, त्या ओरडल्या, "चोळू नका वं!" चोळलं की गोठलेलं मांस आतून फाटतं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ तर नाहीच. शेकायचंही नाही, कारण बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. अंगाला कोमट लागेल असं पाणी, साधारण 37 ते 40 अंश, अर्धा तास. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हानं फार तापलेलं, त्यात माठातलं ओतून केलं. अंगठी निघाली. बांगड्या निघेनात, बोटं तर फुगायला लागलेली. सासूबाई आढेवेढे घेत होत्या, शेवटी आशाताईंनीच त्या वाढवल्या. बोटं वितळायला लागली तेव्हा जी आग झाली, ती सांगता येत नाही.

आता खरी गोष्ट. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही अडीच वाजता पोचलो. खिडकीवरच्या माणसानं हात पाहिला, मोकळं मनगट पाहिलं, काचेचे ओरखडे पाहिले आणि विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?" पाच. त्यानं पेन खाली ठेवलं. "पोलीस केस आहे. पोलिसांना येऊ द्या."

यांना आणि सासूबाईंना बाहेर काढलं. तरुण डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन लगेच दिलं, पण पट्टी मात्र पोलिसांनी पाहिल्यावर. आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. मला हे नंतर कळलं. तुम्ही तिथंच सांगा, आवाज चढवून सांगा.

चार वाजता जमादार आले. "कशानं भाजलं?"

"भाजलं नाही. गॅसच्या थंडीनं झालं."

"थंडीनं?" त्यांनी रुमालानं मान पुसली. "बाई, बाहेर 45 डिग्री आहे. अन् बांगड्या काहून फुटल्या?"

मी सगळं सांगितलं. दिरानं सिलेंडरच्या तोंडावर जमलेल्या पांढऱ्या बर्फाचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. "फ्रीजचा बर्फ असंल," म्हणाले. बाहेर सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि जी येई ती बाई त्यांच्याकडे रोखून पाही.

विचारायलाच हवं, हे मलाही कळतं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत जळून मेलेल्या किती जणींचा "स्टोव्हचा भडका" लिहिला गेला असेल. पण विचारणं वेगळं आणि ऐकूनच न घेणं वेगळं. साडेपाचला महिला शिपाई आली, तिनं सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लावलं आणि शांतपणे विचारलं, "घाबरू नको, खरं सांग." तेच खरं तिसऱ्यांदा सांगितलं. दहा मिनिटांत जबाब झाला, मग पट्टी झाली: बोटांच्या मध्ये कोरडा गॉज, फोड तसेच ठेवून. फोड फोडू नका.

कागदावर तरीही "गॅसने भाजले" एवढंच. थंडी कुठं नाहीच. सही करण्याआधी वाचा, मी थकून वाचलं नाही. एजन्सीत अपघाताच्या विम्याचं विचारलं, तर तो कागद बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "आग कुठं लागली होती?"

हो, राहिलंच: गळतीसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालतो. फोन मात्र घराबाहेर येऊन लावा.

तीन आठवड्यांनी कासारीण आली. तिनं माझा उजवा हात धरून उलटा-सुलटा पाहिला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत सासूबाई चौकटीतून म्हणाल्या, "गॅसनं झालं. थंडीनं. इचार तिले."