आमची वाटचाल : दोन सर्व्हर आणि डिस्कचा प्रश्न

सुरुवातीला आमच्याकडे एकच सर्व्हर होता. त्यावर सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले सहा संगणक : ग्राहकांचे हिशेब, मेल, फाइली, सगळं तिथेच. एका सोमवारी त्याचा मदरबोर्ड गेला आणि नवा येईपर्यंत दोन दिवस आम्ही फक्त फोनवर माफी मागत होतो. मग वापरलेला दुसरा सर्व्हर घेतला, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली, चढवलं. एक पडला तर दुसऱ्याने भार उचलायचा, इतकं सोपं वाटत होतं. डिस्क ठेवायच्या कुठे, हे ठरायला मात्र दीड वर्ष गेलं.

आधी सगळ्यांना सुचतं तेच केलं. मध्ये एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, ठेवला, सहाही मशीनच्या डिस्क त्यावर टाकल्या आणि एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) दोघांना जोडला. महिनाभर खूश होतो. मग नॅसचा पॉवर सप्लाय जळाला. दोन्ही सर्व्हर ठणठणीत आणि सहाही मशीन बंद! आगीतून फुफाट्यात. एक गेला तरी चालणारा, दोन कंट्रोलरवाला स्टोरेज आमच्या ऐपतीबाहेरचा होता.

पुढचा प्रयोग सेफचा, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठा करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याला निदान तीन नोड, म्हणजे सर्व्हर, हवेत, म्हणून तिसरा सर्व्हर उसना आणला. डेटाच्या तीन प्रती, एक नोड गेला तरी काम चालू. चाललंही, पण हिशेबाचा डेटाबेस रांगायला लागला. दोष सेफचा नव्हता, आमच्या काटकसरीचा होता. नेटवर्क १ गिगाबिटचं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला फार तर ११५ मेगाबाइट. आणि एसएसडी घरगुती वापराच्या. अचानक वीज गेली तर हातातलं लिखाण वाचवणारे कपॅसिटर त्यांच्यात सहसा नसतात. मग प्रत्येक व्यवहारानंतर डेटाबेस ‘खरंच लिहिलं ना?’ असं विचारून अडून बसला की त्या हाशहुश करतात. खोक्यावर छापलेला वेग वाचून त्या मीच पसंत केल्या होत्या, हेही सांगून टाकतो.

मग डीआरबीडी, म्हणजे एका सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्यावर हुबेहूब उतरवणारं सॉफ्टवेअर. ते दोन नोडांतही चालतं. त्याच्या प्रोटोकॉल ‘सी’मध्ये दोन्हीकडच्या डिस्कवर लिहून होईपर्यंत काम पूर्ण धरत नाहीत, म्हणजे काहीच हरवत नाही. पण चाचणीत आम्ही मधली केबल मुद्दाम उपसली, तर दोन्ही सर्व्हर स्वतःला मालक समजून लिहीत सुटले. आता खरी प्रत कोणती? योग्य बंदोबस्त केला तर हे टाळता येतं, पण आम्ही तिघंच, आणि रात्री दोनला तो निकाल देणारा मी एकटा.

शेवटी भागीदाराने वैतागून विचारलं, “१५ मिनिटांचं काम गेलं तर नेमकं कोण रडणार आहे?” कागद घेऊन बसलो. सहापैकी चार मशीनसाठी उत्तर आलं, कुणीच नाही.

तिथून गाडी झेडएफएस रेप्लिकेशनवर आली. झेडएफएस ही डिस्कवर डेटा मांडायची पद्धत, आणि रेप्लिकेशन म्हणजे त्याची प्रत दुसरीकडे पाठवणं. दोन्ही सर्व्हरमध्ये आपापल्या डिस्क, आणि ठरावीक वेळाने फक्त बदललेला भाग दुसरीकडे जातो. प्रॉक्समॉक्समध्ये मुळात दर १५ मिनिटांनी, हवं तर दर मिनिटाला. मेल मिनिटावर ठेवला. हिशेबाच्या पोस्टग्रेस डेटाबेसला त्याचं स्वतःचं, बदल सतत पलीकडे पाठवणारं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन दिलं, कारण तिथे मिनिटसुद्धा महाग. वापरलेल्या पण सर्व्हरसाठी बनलेल्या एसएसडी घेतल्या आणि दोन्ही सर्व्हर १० गिगाबिटच्या केबलने थेट जोडले, मध्ये स्विच नाही. कोणता सर्व्हर काम चालू ठेवणार हे मतांनी ठरतं. दोनच मतं असली की एक गेल्यावर उरलेल्याला बहुमत मिळत नाही, म्हणून अडगळीतला एक छोटा संगणक तिसऱ्या मतापुरता बसवला. दोन्हीकडच्या पूलचं (झेडएफएसमधल्या डिस्कच्या एकत्र साठ्याचं) नाव एकच लागतं, हे आम्हाला एक पूल भरून झाल्यावर कळलं.

दुरुस्त झालेला नॅस आता रात्रीचा बॅकअप घेतो. चुकून पुसलेली फाइल १५ मिनिटांत दुसरीकडेही पुसली जाते, तेव्हा तोच कामी येतो.

दर तीन महिन्यांनी आम्ही एका सर्व्हरची वायर खेचतो. मागच्या खेपेला पाच मशीन काही मिनिटांत पलीकडे उठली. सहावं उठेना. त्याच्या सीडी ड्राइव्हला कधीकाळची इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल (सीडीची नक्कल) तशीच लावलेली होती, आणि ती होती बंद पडलेल्या सर्व्हरवर.