आमची वाटचाल : तांबड्या पेशींची एक लहानशी व्हायल

आमच्या फर्मने पहिली अनेक वर्षे तांबड्या पेशी नाहीशा करण्याचे सामान विकले. फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन तपासण्यासाठी, रक्ताचा किंवा अस्थिमज्जेचा नमुना आला की प्रयोगशाळेला बहुधा पांढऱ्या पेशी पाहायच्या असतात. रक्तात एका पांढऱ्या पेशीमागे सहाशे-सातशे तांबड्या पेशी असल्यामुळे आधी त्या फोडून टाकाव्या लागतात. त्यासाठी लागणारे अमोनियम क्लोराइडचे लाइसिंग सोल्यूशन, ट्यूब, टिप्स, शीथ फ्लुइड असा माल नागपूरच्या धंतोलीतल्या दोन खोल्यांमधून आम्ही शहरभर पोहोचवत होतो. धंदा बरा चालला होता, पण तो पाण्याच्या कॅन पोहोचवण्याहून फारसा वेगळा नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

एके दिवशी एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सीडी२३५ए, एफआयटीसी अशी मागणी नोंदवली. मी वहीत लिहून घेतले आणि घरी येऊन ते काय आहे याचा शोध घेत बसलो. सीडी२३५ए म्हणजे ग्लायकोफोरिन ए. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर या प्रथिनाचे सुमारे दहा लाख रेणू असतात, एम आणि एन हे रक्तगट त्याच्याच टोकावर ठरतात आणि त्याच्यावरील सियालिक आम्लाच्या ऋण भारामुळे पेशी एकमेकींपासून अंतर राखून वाहतात. याच प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला एफआयटीसी हा चमकणारा रंग जोडलेला असतो. यंत्रातल्या ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसमोरून पेशी एकेक करून जाते तेव्हा हा रंग हिरवा प्रकाश देतो आणि पडद्यावर तांबड्या पेशींचा ठिपका-ठिपक्यांचा पुंजका प्लेटलेट्स आणि कचऱ्यापासून वेगळा होतो.

मॅडमना हे हवे होते ते पीएनएच या दुर्मीळ आजाराच्या तपासणीसाठी. विदर्भात तांबड्या पेशी फुटण्याचा आजार म्हटला की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा सिकलसेल येतो, आणि ते योग्यही आहे. पण सिकलसेल नाही, कूम्ब्स चाचणी (शरीराच्याच अँटिबॉडी तांबड्या पेशींना चिकटल्या आहेत का ते पाहणारी) निगेटिव्ह आणि सकाळची लघवी चहाच्या रंगाची, असा रुग्ण समोर आला तर पीएनएच तपासावे लागते. या आजारात पिग-ए या जनुकात बिघाड होतो, त्यामुळे जीपीआय नावाच्या दोरीने पेशीला बांधलेली सीडी५९ सारखी संरक्षक प्रथिने गायब होतात. ग्लायकोफोरिन ए मात्र त्या दोरीवर अवलंबून नसते, ते पेशीच्या पटलातून आरपार गेलेले असते. म्हणून आजारी पेशीवरही ते शाबूत राहते. आधी सीडी२३५एने ‘ही तांबडी पेशीच आहे’ एवढे पक्के करायचे आणि मग पीई या नारिंगी रंगाच्या सीडी५९ने तिच्यावर संरक्षण आहे की नाही ते पाहायचे, अशी ही जोडी आहे. हे समजले त्या रात्री मला आपल्या धंद्याविषयी पहिल्यांदा कुतूहल वाटले.

या अँटिबॉडीची पहिली व्हायल, म्हणजे छोटी कुपी, पोहोचवल्यावर चौथ्या दिवशी फोन आला. ‘भाऊ, तुमचा माल खराब निघाला. सगळ्या पेशी गोळा होताहेत.’ मी पुरवठादाराला कळवले, त्यांनी लॉटचे प्रमाणपत्र पाठवून हात झटकले. शेवटी मी स्वतः त्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. तंत्रज्ञ ताई पांढऱ्या पेशींच्या सवयीने न पातळ केलेल्या रक्तात व्हायलवर लिहिलेले पूर्ण माप घालत होत्या. अँटिबॉडीला दोन हात असतात आणि प्रत्येक पेशीवर दहा लाख जागा. प्रमाण जास्त झाले की एक हात एका पेशीला आणि दुसरा शेजारणीला धरतो, म्हणजे रक्तगट तपासताना काचपट्टीवर होतो तसाच प्रकार ट्यूबमध्ये होतो. यात नुसती गैरसोय नाही. एक निरोगी आणि एक आजारी पेशी चिकटून लेझरसमोर आली तर यंत्र त्यांना एकच पेशी समजते आणि आजारी पेशींचा टक्का चुकतो.

आम्ही दोघांनी मिळून रक्त बफरमध्ये शंभरपट पातळ केले आणि अँटिबॉडीची दुप्पट-दुप्पट पातळ होत जाणारी ट्यूबांची रांग लावली. ज्या ट्यूबमध्ये पुंजका स्पष्ट वेगळा दिसत होता आणि गुठळ्या जवळजवळ नव्हत्या, ते माप निवडले. यंत्राला लावण्याआधी ट्यूब स्टँडच्या जाळीवर खर्रकन दोन-तीनदा ओढायची, म्हणजे उरलेली जोडपी सुटतात, ही युक्ती ताईंनी त्याच दिवशी अंगवळणी पाडली. तो आवाज खोलीभर घुमतो आणि नवख्याला वाटते की काहीतरी फुटले. व्हायल निर्दोष होती, पण ती कशी वापरायची हे न सांगता ती विकली, ही चूक माझी होती. तेव्हापासून नवीन प्रयोगशाळेला आणि प्रत्येक नवीन लॉटला टायट्रेशनसाठी, म्हणजे असे योग्य माप ठरवण्यासाठी, आमचा माणूस स्वतः जाऊन बसतो. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

दुसरा फटका मे महिन्यात बसला, आणि तो उन्हाचा नव्हता. पारा ४५ अंशांच्या वर असताना विमानतळावरून माल आणायचा म्हणून आमच्या मुलाने थर्मोकोलच्या डब्यात फ्रीझरमधले जेल पॅक ठासून भरले. काळजी चांगली होती, परिणाम उलटा झाला. २ ते ८ अंशांत ठेवायची सीडी५९-पीईची व्हायल बर्फाला टेकून गोठली. पीई हे शेवाळापासून मिळणारे मोठे प्रथिन असते आणि गोठण-वितळण त्याला मानवत नाही. अख्खी खेप आमच्या खिशातून गेली. आता जेल पॅक बाहेर काढून त्यांना घाम सुटेपर्यंत थांबायचे, मध्ये पुठ्ठा घालायचा आणि डब्यात तापमान नोंदवणारा लॉगर ठेवायचा, असा नियम आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात ‘जास्त थंड’ हे संकट असू शकते, हे नव्या माणसाला पटवायला दरवर्षी वेळ लागतो.

हिशेबाच्या बाजूने पाहिले तर ही व्हायल कोणत्याही सनदी लेखापालाला आवडणार नाही. रुग्ण थोडे, व्हायल शंभर टेस्टची, आणि एक्स्पायरी कोणासाठी थांबत नाही. यावर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. शहरातल्या प्रयोगशाळांच्या मागण्या एकत्र करून तिमाहीला एकदाच, शक्यतो एकाच लॉटची, ऑर्डर द्यायची. ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेली स्वस्त व्हायल रुग्णाच्या अहवालासाठी आम्ही देत नाही, मग ग्राहक गेला तरी चालेल. दोन गेले आहेत.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून एसटीने येणाऱ्या नमुन्यांना एक सवलत निसर्गानेच दिली आहे. या तपासणीसाठी पांढऱ्या पेशी ४८ तासांत तपासाव्या लागतात, तर तांबड्या पेशी ४ अंशांत आठवडाभर टिकतात. तरीही रक्त चढवलेल्या रुग्णात तांबड्या पेशींचा आकडा फसवा ठरतो, कारण दात्याच्या निरोगी पेशी त्यात मिसळलेल्या असतात. शिवाय आजारी तांबड्या पेशी शरीरातच फुटून गेलेल्या असतात. म्हणून पांढऱ्या पेशींची तपासणी सोबत हवीच, आणि तिचे सामानही आम्ही देतो, ज्यात तेच जुने लाइसिंग सोल्यूशन असते.

सध्या आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात नव्या लॉटच्या चार व्हायल काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. सोमवारी पहिली उघडेल, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत मी दुसरे कोणतेही काम घेतलेले नाही.