कायझरवाल्यांचा मेळावा

मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात, हुरॉन नदीकाठच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये पोरक्या गाड्यांचा मेळा भरतो. पोरक्या म्हणजे ज्यांची कंपनीच आता राहिलेली नाही अशा. हडसन, नॅश, पॅकार्ड, स्टुडबेकर आणि आमच्या कायझर-फ्रेझर. एकेक गाडी हळूहळू पुढे येते, माइकवरचा जाणकार तिची माहिती सांगतो, गवतावर खुर्च्या टाकून बसलेले लोक टाळ्या वाजवतात. आमच्या घरच्या 1953च्या कायझर मॅनहॅटनची पाळी आली की मला अजूनही मुलगी स्टेजवर गेल्यासारखं धडधडतं.

पण माझा खरा जीव उन्हाळ्यातल्या मेळाव्यात. कायझर-फ्रेझरच्या मालकांचा क्लब 1959पासून आहे आणि त्याचं अधिवेशन दर वर्षी वेगळ्या गावी असतं. ह्यांना गाड्यांचं वेड, म्हणून पहिल्यांदा मी नुसती सोबत म्हणून गेले होते. हॉटेलच्या पार्किंगमध्ये पाऊल ठेवलं आणि एक बाई पहिल्याच भेटीत मला हाताला धरून आपल्या गाडीपाशी घेऊन गेल्या. ती कायझरची 1949ची ट्रॅव्हलर होती. दिसायला चार दरवाजांची, पण मागचा डावा दरवाजा उघडतच नाही! मागची बाजू वर-खाली उघडून सामान भरता यावं म्हणून आत जागा केली आणि स्टेपनी त्या दरवाजाला आतून टेकवली, त्यामुळे दरवाजा कायमचा बंद. बाई हे इतक्या कौतुकाने सांगत होत्या की मी तिथेच अडकले. आजकालच्या हॅचबॅकची सोय 1949 साली या कंपनीने दिली होती, हे मी त्यानंतर भेटेल त्याला सांगत आले आहे.

कंपनीची गोष्ट प्रत्येक अधिवेशनात कुणीतरी सांगतंच आणि आम्ही दर वेळी तितक्याच मन लावून ऐकतो. हेन्री जे. कायझर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं झपाट्याने बांधून देणारा माणूस, आणि जोसेफ फ्रेझर मोटारधंद्यात मुरलेले. 1945 साली दोघे एकत्र आले. इप्सिलँटीच्या शेजारीच विलो रनचा प्रचंड कारखाना होता. तिथे फोर्डने बी-24 बॉम्बर विमानं बनवली होती, भर युद्धात तासाला एक. तोच त्यांनी भाड्याने घेतला. गाड्यांसाठी लोक आसुसलेले होते, त्यामुळे 1947 आणि 1948 ही वर्षं सोन्याची गेली. 1949मध्ये मोठ्या कंपन्यांची नवी मॉडेलं येणार हे ओळखून फ्रेझर म्हणाले, उत्पादन आवरू या. कायझर ऐकेनात. गाड्या बनत राहिल्या, खपल्या मात्र नाहीत, आणि फ्रेझर अध्यक्षपदावरून बाजूला झाले. त्याच वर्षी ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकने आठ सिलिंडरची नवी व्ही-8 इंजिनं आणली. आमच्याकडे शेवटपर्यंत सहा सिलिंडरच. माझ्या मते कंपनीला बुडवलं ते त्या दोन गोष्टींनी, गाडीने नाही. गाडी देखणीच होती. डिझायनर डच डॅरिन यांच्या हातचा 1951चा आकार बघा: खिडक्यांची रेष खाली, काचा मोठ्या, आत बसलं की चहूकडे उजेड.

जेवणाच्या टेबलावर याच डॅरिनची एक गोष्ट निघते. त्यांनी फायबरग्लासची स्पोर्ट्स गाडी केली, जिचे दरवाजे उघडण्याऐवजी पुढच्या मडगार्डमध्ये सरकतात. कायझर म्हणे ती पाहून भडकले होते, पण त्यांच्या पत्नीला ती फार आवडली आणि गाडी बनली. अशा 435 कायझर-डॅरिन बनल्या. अधिवेशनात एखादी आली की लहान मुलं तो दरवाजा पुन्हा पुन्हा सरकवायला मागतात आणि मालक बिचारे सरकवून दाखवतात.

मला मात्र ओढलं ते आतल्या कापडाने. कार्लटन स्पेन्सर नावाचा माणूस या गाड्यांच्या आतली सजावट बघायचा. बाकीच्या गाड्या आतून करड्या-राखाडी असताना त्याने रंगांची उधळण केली. ड्रॅगन नावाचं 1951चं मॉडेल आतून मगरीच्या कातड्यासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलने मढवलेलं. 1953च्या ड्रॅगनचा टप बांबूच्या नक्षीचा आणि बॉनेटवरच्या चिन्हाला सोन्याचा मुलामा. 1,277 गाड्या झाल्या, किंमत 3,924 डॉलर, म्हणजे जवळपास कॅडिलॅकची. कोण घेणार? पण आज त्या मिळाव्यात म्हणून माणसं देशभर फिरतात.

मला शिवण येतं हे कळल्यावर ओहायोच्या एका आजोबांनी आपल्या मॅनहॅटनच्या सीटचा फाटका तुकडा माझ्या हातात दिला. शिवण कशी दुहेरी घातली आहे, पायपिंग कुठून फिरवलं आहे, हे त्यांनी मला दोन तास बसून दाखवलं. पुढच्या वर्षी मी त्यांच्या सीट शिवून नेल्या. तेव्हापासून अधिवेशनाला जाताना डिकीत कापडाचे तागे असतातच.

स्वॅप मीट, म्हणजे जुन्या पार्टांचा बाजार, ही तर आमची जत्रा. इंजिनाची चिंता फारशी नसते. तेच कॉन्टिनेंटल कंपनीचं 226 क्युबिक इंचाचं इंजिन फोर्कलिफ्टसारख्या यंत्रांत आणि पुढे जीपवाल्या विलीजच्या गाड्यांतही गेलं, त्यामुळे पार्ट सापडतात. रडवतात ते क्रोमच्या पट्ट्या, काचा आणि दरवाजांची रबरं. हेन्री जे ही छोटी गाडी तर सुरुवातीला बाहेरून उघडणारी डिकीच नसलेली. तिच्या मालकांचे प्रश्न निराळेच. कुणाकडे काय जादा आहे, कुठल्या शेतावर अजून एक फ्रेझर गवतात उभी आहे, रबर कोण ओतून देतो, ही माहिती कुठल्या दुकानात मिळत नाही. ती या टेबलांवरच मिळते, आणि ज्यांच्या डोक्यात ती होती त्यांतल्या कित्येक खुर्च्या आता रिकाम्या आहेत. म्हणून नव्या पोरांना मी मुद्दाम त्या आजोबांच्या पिढीपाशी नेऊन बसवते.

एका वर्षी रात्रीच्या जेवणात आम्हाला बोलायला सांगितलं. मी साताऱ्याकडच्या माहेरच्या जीपविषयी बोलले. कायझरने 1953मध्ये जीप बनवणारी विलीज-ओव्हरलँड विकत घेतली आणि कारभार तिच्या गावी, ओहायोतल्या टोलीडोला हलवला. मोटारी 1955ला संपल्या, जीप राहिली. महिंद्रा मुंबईत 1947पासून जीपची जुळणी करत होते, त्यामुळे कायझरचं नातं आमच्या ऊस-रस्त्यांपर्यंत पोचलं होतं. टोलीडोच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक गृहस्थ उठून आले आणि बाबांच्या जीपचं साल, ग्रिल, गिअरचा दांडा, सगळं विचारत राहिले. त्या रात्री आम्ही शेवटी उठलो.

मॅनहॅटनचे साचे पुढे अर्जेंटिनाला गेले आणि कॉर्डोबात 1958 ते 1962 ती काराबेला नावाने बनली. त्यामुळे आमच्या मागच्या काचेची चौकशी सध्या तिकडे चालू आहे. काच मिळाली तर यंदा गाडी चालवतच नेऊ. नाही मिळाली तरी निघणार आहोत, कारण जॉर्जियाच्या एका तरुण जोडप्याने 1951च्या ड्रॅगनचं माप पाठवलंय आणि त्यांच्या सीट मी शिवायला घेतल्या आहेत.